पाकिटावरची तारीख नक्की कुणाची?

अर्जाची शेवटची तारीख १५. तुम्ही १४ तारखेला संध्याकाळी सातला कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पाकीट टाकलं. त्यावर शिक्का उमटला १६ चा. अर्ज वेळेत गेला की उशिरा?

शिक्क्याला विचाराल तर उशिरा, आणि शिक्का खोटं बोलत नाहीये. तुम्ही पाकीट कधी टाकलं हे त्याला ठाऊकच नसतं. दळणाचा डबा गिरणीबाहेर ठेवून तुम्ही निघून गेलात आणि गिरणीवाल्याने दोन तासांनी त्यावर खडूने नंबर घातला, तर तो नंबर डबा रांगेत कधी लागला ते सांगतो. तुम्ही घरून कधी निघालात ते सांगत नाही. पोस्टाच्या शिक्क्याचंही तसंच आहे.

हा विषय सध्या दोन कारणांनी वर आला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून भारतात रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा उरली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. त्यामुळे 'रजिस्टर ए.डी.' म्हणजे पोचपावतीच्या रजिस्टर्ड पोस्टाशिवाय नोटीस न पाठवणारे वकील, सोसायट्यांचे सचिव आणि घरमालक गोंधळले. दुसरं कारण अमेरिकेतलं आहे. तिथल्या टपाल खात्याने २४ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नियमांत स्पष्टच लिहून टाकलं, की शिक्क्यावरची तारीख म्हणजे पत्र आमच्या ताब्यात आलं ती तारीख असेलच असं नाही.

एका ठोक्यात दोन कामं

पत्रावर पडणारा शिक्का दोन कामं करतो. एक म्हणजे तिकीट रद्द करणं, म्हणजे ते पुन्हा वापरता येऊ नये अशी खूण करणं. दुसरं म्हणजे कार्यालयाचं नाव आणि तारीख नोंदवणं. पोस्टातली माणसं याला 'डेट स्टॅम्प' म्हणतात, आपण तारीख-शिक्का म्हणू.

दोन्हींत तारखेचं काम जुनं आहे, तेही जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी. लंडनमध्ये १६६१ साली हेन्री बिशप या टपालप्रमुखाने पत्रांवर दिवस आणि महिना उमटवणारा छोटा गोल शिक्का सुरू केला. लोकांची तक्रार होती की पत्रं वाटेत अडकवून ठेवली जातात. शिक्का आला तो आपल्याच माणसांवर नजर ठेवायला, म्हणजे कोणत्या टप्प्यावर किती दिवस गेले ते दिसावं. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचा अर्धा गोंधळ मिटतो. तारीख-शिक्का ही खात्याची स्वतःची हजेरी आहे. तुमची पोच द्यायला तो जन्मलाच नव्हता.

चिकटवायची तिकिटं १८४० मध्ये इंग्लंडात आली. आपल्याकडे ती १ जुलै १८५२ ला सिंधमध्ये आली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथले कमिशनर होते बार्टल फ्रियर, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ पासून सुरू झाली. तिकीट आलं म्हणून ते रद्द करायची गरज आली. जुन्या पाकिटांवर अनेकदा दोन वेगळे ठोके दिसतात, तिकिटावर काळपट नक्षीचा आणि बाजूला तारखेचा. नंतर एकाच ठोक्यात दोन्ही कामं उरकू लागली.

रद्द झालेल्या तिकिटावरचा शिक्का पुसून ते परत वापरणं हा फौजदारी गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत आहे. तिकिटावर चिकटपट्टी लावायची सवय म्हणूनच वाईट. पट्टीवरची शाई ओल्या फडक्याने निघते, आणि काउंटरवरच्या जुन्या माणसाला ही युक्ती चांगली माहीत असते. तुमचा हेतू 'तिकीट निघू नये' एवढाच असला तरी संशय मात्र येणार.

शिक्का वाचायचा कसा

नेहमीचा शिक्का गोल असतो. वरच्या कडेला कार्यालयाचं नाव, मध्ये तारीख, खाली बहुधा पिनकोड. नावापुढची अक्षरं कामाची आहेत. एच.ओ. म्हणजे मुख्य डाकघर, एस.ओ. म्हणजे उपडाकघर, बी.ओ. म्हणजे गावातलं शाखा डाकघर. जी.पी.ओ. असेल तर मोठ्या शहराचं मध्यवर्ती कार्यालय. एकाच कार्यालयात अनेक शिक्के असतात, म्हणून काहींवर संचाचा क्रमांक असतो. काहींवर वेळही असते, चोवीस तासांच्या हिशेबाने.

'आर.एम.एस.' दिसलं तर तो शिक्का डाकघराचा नसून रेल्वे टपाल सेवेचा, म्हणजे पत्रांची वर्गवारी करणाऱ्या शाखेचा आहे. या शाखेचे विभाग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. 'बी' म्हणजे पुणे, 'एल' म्हणजे भुसावळ, 'एफ' म्हणजे नागपूर, 'बीएम' म्हणजे मिरज. स्टेशनवरच्या आर.एम.एस.च्या पेटीत टाकलेल्या पत्रावर गावाच्या नावाऐवजी असलं अक्षर आलं, तर त्यात चूक काही नाही.

गावांच्या नावांचा घोळ पिनकोडने सोडवला. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव किती आहेत ते मोजत बसू नका. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते केंद्रीय दळणवळण खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात. शिक्क्यातलं नाव पुसट असेल तर आधी पिन शोधा, तीन आकडे लागले तरी जिल्ह्याच्या आसपास पोचता येतं.

पाकीट उलटं करून मागची बाजूही बघा. तिथे वाटप करणाऱ्या कार्यालयाचा शिक्का असू शकतो. पुढचा शिक्का प्रवास कुठे सुरू झाला ते सांगतो, मागचा तो कुठे संपत आला ते. साध्या पत्रांवर हा मागचा ठोका बरेचदा पडतच नाही. ही खरी उणीव आहे, कारण कधीकधी तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. तो कसा, ते पुढे येईल.

पेटीपासून ठोक्यापर्यंत

लाल पेटीवर ती उघडायची वेळ लिहिलेली असते. शेवटची वेळ संध्याकाळी चारची असेल, तर पाचला टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशीच बाहेर निघतं. मध्ये रविवार किंवा सण आला तर तिसऱ्या. काढलेली पत्रं कार्यालयात येतात, तिकिटं एका बाजूला येतील अशी रचली जातात आणि मग त्यांवर शिक्के पडतात. पेटीच्या तोंडापासून शिक्क्यापर्यंत पत्र कुठे होतं याचा पत्रावर काहीही पुरावा नसतो. सुरुवातीच्या उदाहरणातले दोन दिवस याच फटीत गेले.

हातशिक्क्यातले दिवस, महिना आणि वर्षाचे ठसे बदलता येतात. रोज काम सुरू करताना तारीख बदलायची, तिचा ठसा एका वहीत घ्यायचा आणि तो तपासायचा, अशी शिस्त आहे. या वहीला 'बुक ऑफ पोस्टमार्क्स' म्हणतात. तारखेवरून वाद झाला तर ही वही उपयोगी पडते. त्या दिवशी शिक्क्यात खरोखर कोणती तारीख होती, आकडा उलटा बसला होता का, वर्ष बदलायचं राहिलं होतं का, हे तिच्यात दिसतं. वर्षाची चूक कधी होते ते सांगायला नको, जानेवारीचा पहिला आठवडा.

पण खरी कटकट चुकीच्या तारखेपेक्षा न वाचता येणाऱ्या तारखेची असते. तिची कारणं अगदी साधी आहेत. गुळगुळीत, चकचकीत पाकिटावर शाई मुरत नाही आणि हात लागताच पसरते. कोपऱ्यात जाड वस्तू असेल, किल्ली, पेन, घडी घातलेला जाड कागद, तर ठोका अर्धाच उमटतो. पॅड कोरडं असेल तर फक्त कडा येते, जास्त ओलं असेल तर आकड्यांची पोटं भरतात आणि ३ चा ८ होतो. गडद तिकिटावर काळी शाई दिसत नाही. तिकिटं पाकीटभर विखरून लावली की प्रत्येक ठोक्याचा एकेक तुकडाच कागदावर पडतो. म्हणून तिकिटं उजव्या वरच्या कोपऱ्यात एकत्र लावा आणि त्यांच्या डावीकडे चार बोटं जागा कोरी सोडा, म्हणजे शिक्क्याचा अर्धा भाग कोऱ्या कागदावर येईल.

कायद्याला कोणती तारीख हवी असते?

याला एक उत्तर नाही, आणि लोक इथेच फसतात. 'तारीख' एकच असते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एका पत्राच्या निदान तीन तारखा असतात, लिहिल्याची, टपालात पडल्याची आणि मिळाल्याची. कोणत्या कामाला कोणती चालते हे त्या त्या कायद्यावर किंवा जाहिरातीतल्या वाक्यावर ठरतं.

१८७२ चा करार कायदा घ्या. तुम्ही कुणाला पत्राने प्रस्ताव दिला आणि त्याने होकाराचं पत्र टपालात टाकलं. कलम ४ प्रमाणे, पत्र त्याच्या हाताबाहेर गेलं त्या क्षणी तुम्ही बांधले गेलात, पत्र तुम्हाला मिळालेलं नसलं तरी. तो स्वतः मात्र ते तुम्हाला कळेपर्यंत बांधला जात नाही. इथे रवानगीच्या शिक्क्याला वजन आहे.

चेक न वटल्याच्या प्रकरणात एकाच पाकिटाच्या दोन तारखा लागतात. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची असते. आणि चेक देणाऱ्याला पैसे भरायला जे १५ दिवस मिळतात ते नोटीस मिळाल्यापासून मोजतात. नोटीस 'देणं' आणि ती 'मिळणं' या दोन गोष्टी न्यायालयांनीही वेगळ्या मानल्या आहेत. म्हणजे पाठवल्याची पावती आणि पोचपावती दोन्ही जपायला हव्यात.

माहिती अधिकारात शिक्का तुमच्या फारसा कामाचा नाही. उत्तर द्यायचे ३० दिवस सुरू होतात ते अर्ज त्या कार्यालयात पोचल्यापासून. पण उत्तर आलं की चित्र पालटतं. पहिल्या अपिलाचे ३० दिवस उत्तर मिळाल्यापासून धरतात आणि त्या दिवसाचा पुरावा त्यांच्या पाकिटावर असतो. आपण काय करतो? पाकीट फाडतो, कागद फाइलला लावतो आणि पाकीट रद्दीत टाकतो. उत्तरावरची तारीख १ ची आणि पाकिटावरचा शिक्का १९ चा असं घडू शकतं. पाकीट कागदाला टाचून ठेवा. मागचा ठोका महत्त्वाचा म्हटलं ते यासाठी.

नोकरीच्या आणि प्रवेशाच्या जाहिराती बहुतेक वेळा 'अर्ज या तारखेपर्यंत पोहोचणे आवश्यक, टपालातील विलंबास हे कार्यालय जबाबदार राहणार नाही' असं म्हणतात. तिथे शिक्का कितीही आधीचा असला तरी काही फायदा नाही. 'टपालाच्या शिक्क्याची तारीख ग्राह्य' असे शब्द स्पष्ट असतील तरच तो दाखवून भांडता येतं.

पत्र पोचलं हे शिक्क्याने सिद्ध होतं का?

रवानगीच्या शिक्क्याने नाही. पण कायदा इथे एक गृहीत धरतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचं कलम २७ सांगतं, की पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला आणि पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं असेल, तर नेहमीच्या टपालाला जितका वेळ लागतो तितक्या वेळात ते पोचलं असं मानावं, उलट सिद्ध होईपर्यंत. 'उलट सिद्ध होईपर्यंत' हे शब्द विसरू नका. समोरच्याने त्या काळात तो त्या पत्त्यावर राहत नव्हता हे दाखवलं, तर गृहीतक कोसळतं.

आणि पाकिटात काय होतं? त्याबद्दल शिक्का पूर्ण मुका. 'पाकीट मिळालं, आत कोरा कागद होता' हा बचाव जुना आहे. त्यावर उपाय म्हणजे नोटिशीवर पावतीचा क्रमांक लिहून आपल्याकडे प्रत ठेवणं आणि पाठवणीची वहीत नोंद करणं.

रजिस्टर्ड सेवाच गेली तर कलम २७ चं काय, हा रास्त प्रश्न आहे. नोंदणी संपलेली नाही, ती स्पीड पोस्टवर जोडून मिळते. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांत तिच्यासाठी ५ रुपये आणि वर जीएसटी आहे. अडचण एवढीच, की ती मागावी लागते. काउंटरवर नुसतं 'स्पीड पोस्ट' म्हटलंत तर साधं स्पीड पोस्ट होईल. कायदेशीर नोटीस असेल तर 'नोंदणीसकट' म्हणा, पोचीचा पुरावा हवा असेल तर तोही मागा, आणि पावतीवर दोन्ही छापून आलंय का ते तिथल्या तिथे वाचा.

'मागच्या तारखेचा शिक्का मारून मिळतो' त्याचं काय?

ही शंका हवेतली नाही, तिने एक अख्खी सेवा संपवली आहे. तिशी-चाळिशीच्या पुढच्यांना 'यूपीसी', म्हणजे पत्र टपालात टाकल्याचा पोस्टाचा दाखला, आठवत असेल. कागदावर पत्ते लिहायचे, त्यावर तिकीट लावायचं, पोस्टात तो कागद आणि पत्रं एकदम द्यायची आणि शिक्का मारलेला कागद परत घ्यायचा. स्वस्त आणि सोपं. सोसायट्यांच्या सभेच्या नोटिसा वर्षानुवर्षं अशाच गेल्या. पण खात्याकडे त्याची नोंद राहत नव्हती. पुरावा काय तो तुमच्या हातातला कागद. १९९४ मध्ये शिवकुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा दाखल्यांवर विसंबायला नकार दिला. असे शिक्के कधीही मिळवणं अवघड नाही, असा शेराही मारला. २०११ मध्ये ही सेवा बंद झाली.

यातून शिक्क्याची किंमत शून्य ठरते असं नाही. ज्या शिक्क्याला खात्याच्या दप्तरात जोड आहे, म्हणजे क्रमांक, नोंदवही, पावती, त्याला वजन राहतं. एकटा शिक्का म्हणजे साक्षीदार नसलेली सही.

मग ट्रॅकिंग असताना शिक्का हवाच कशाला?

स्पीड पोस्टसाठी शिक्क्याचं बरंचसं काम आता बारकोडनेच घेतलं आहे. १३ जागांचा क्रमांक, सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची दोन अक्षरं. नऊपैकी शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून हिशेबाने काढलेला असतो, म्हणून क्रमांक लिहिताना एक आकडा चुकला तरी यंत्राला कळतं. काउंटरवर घेतल्याची वेळ, थैलीत भरल्याची, पुढच्या केंद्रात पोचल्याची, वाटपाची, सगळं नोंदलं जातं. शिक्क्याला कधी न जमलेली बारीक नोंद इथे होते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. काउंटरची पावती उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते आणि काही महिन्यांत फिकी पडते. तिची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. ट्रॅकिंगचं पानही पोच दिसताच छापून किंवा साठवून ठेवा, ते वेबसाइटवर कायम राहत नाही. न्यायालयात तो इलेक्ट्रॉनिक पुरावा ठरतो आणि त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं.

साध्या टपालाला यातलं काहीच नाही. तिथे शिक्का हाच एकमेव कागद. बँका आणि कंपन्यांच्या पाकिटांवर तिकिटाऐवजी यंत्राचा छाप असतो, ज्याला फ्रँकिंग म्हणतात. तो पाठवणाऱ्याच्याच कचेरीतल्या यंत्राने मारलेला असतो. तो टपालखर्च भरल्याची खूण आहे, पाकीट पोस्टात कधी पोचलं याची नाही. छापावर १० तारीख आणि पाकीट तुमच्या हातात २८ ला, असं झालं तर पोस्टाला दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्या.

अमेरिकेतल्या नातेवाइकांना काय सांगाल?

तिथे हा विषय जास्त नाजूक आहे, कारण कर-विवरण १५ एप्रिलच्या शिक्क्याने टपालात पडलं तर वेळेत धरतात, आणि काही राज्यांत टपाली मतांनाही शिक्क्याची अट आहे. शिक्का बहुधा मोठ्या केंद्रातलं यंत्र मारतं. टपाल गोळा करायच्या गाड्यांचं वेळापत्रक बदलल्यामुळे केंद्रापासून ५० मैलांहून दूरच्या पोस्टांतली पत्रं दुसऱ्या दिवशी सकाळी उचलली जातात. म्हणजे १५ ला दिलेल्या पत्रावर १६ किंवा १७ येऊ शकते. उपाय फुकट आहे. काउंटरवर जाऊन डोळ्यांदेखत हाताने शिक्का मारून मागायचा.

फक्त शिक्क्यासाठी प्रवास करणारी पत्रं

काही पाकिटांचं सगळं मोलच शिक्क्यात असतं. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेलं, अंतर जेमतेम दहा किलोमीटर. विमान चालवत होते आंरी पेके. त्या सहाएक हजार पत्रांवर उमटलेला खास शिक्का नसता, तर ती इतर पत्रांत हरवली असती.

अंटार्क्टिकावरच्या भारतीय टपालाचा कारभार गोव्याशी जोडलेला आहे. दक्षिण गंगोत्री तळावर १९८४ मध्ये डाकघर सुरू झालं, तो तळ बर्फात गाडला गेल्यावर मैत्री तळावर गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये भारती तळावरही शाखा उघडली. लोकांची पत्रं वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात गोळा होतात, मोहिमेबरोबर दक्षिणेला जातात, तिथे शिक्का घेतात आणि जहाजाने परत येऊन पाठवणाऱ्याच्याच पत्त्यावर पोचतात. वर्षातून एकदा. इथे तारखेला उशीर झाला म्हणून कुणीच भांडत नाही.

घरातल्या जुन्या ट्रंकेत अशी किंवा साधीच पाकिटं सापडली, तर तिकीट पाण्यात भिजवून काढू नका. तिकीट त्याच जातीचं दुसरं मिळतं. गावाचा आणि तारखेचा तो ठोका पाकिटासकट एकदाच उमटलेला असतो.